नवग्रहांत खरे ग्रह किती ?

(रत्नागिरी तालुक्यांतील एका खाडीकांठच्या गांवीं शेतकरी, बागाईतदार व खलाशी बंधूंच्या सभेंत झालेलें व्याख्यान.)



आज मी आपणांपुढें आकाशाची गोष्ट बोलणार आहे. गोष्ट वरची असली तरी तिचा खर्च खालीं, आपल्या घरांत पडतो, म्हणून ती बोलणें जरूर आहे. मुलगी लग्नाची झाली कीं मंगळ आडवा येतो. धंद्यांत खोट आली कीं शनि आडवा येतो. ग्रहण लागलें कीं गरोदर बाईला कोंडून बसवितात. मुंबईचा चाकरमानी महिनाभर राबून जे पैसे घरीं पाठवितो, त्यांतला वांटा नवग्रहांच्या शांतीलाहि जातो. बाजारांत एखादा अनोळखी इसम उधार मागूं लागला तर तूं कोण, कोठला, करतोस काय, हें विचारल्याशिवाय आपण त्याला एक नारळ देत नाहीं. मग ज्या नऊ जणांच्या नांवानें आपण पिढ्यान् पिढ्या पैसे मोजीत आलों, त्यांची चौकशी कां करूं नये ? ती आज करूं.

रात्रीं आकाशांत जे ठिपके दिसतात ते सगळे एकाच जातीचे वाटतात. लांबून पाहिलें म्हणजे तसेंच होतें. अंधारांत समुद्राकडे पाहा. एक उजेड दीपगृहाचा असतो, एक मचव्यावरच्या दिव्याचा असतो, आणि एक नुसता पाण्यावर चकाकणारा असतो. नवख्याला तिन्ही सारखे. तांडेलाला मात्र एका नजरेंत कळतें. आकाश वाचण्यासाठींहि असेच दोन प्रश्न पुरे आहेत. पहिला प्रश्न : याचा उजेड स्वतःचा कीं उसना ? दुसरा प्रश्न : हा कोणाभोंवतीं फिरतो ?

ज्याचा उजेड स्वतःचा तो तारा. ज्याचा उजेड उसना आणि जो ताऱ्याभोंवतीं फिरतो तो ग्रह. ज्याचा उजेड उसना आणि जो ग्रहाभोंवतीं फिरतो तो उपग्रह, म्हणजे त्या ग्रहाचा चंद्र. मुख्य भेद एवढाच. बाकी सारा त्याचा विस्तार.

प्रथम तारा घेऊं. आपला सूर्य हा एक तारा आहे. पृथ्वीएवढे १०९ गोळे एका ओळींत मांडले तर त्याची रुंदी भरते. त्याच्या पृष्ठभागावर सुमारें साडेपांच हजार अंश सेल्सिअस उष्णता आहे, आणि पोटांत सुमारें दीड कोटी अंश. हा विस्तव लांकडाकोळशाचा नव्हे. त्याच्या पोटांत हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून हेलियम तयार होतो. दर सेकंदाला सुमारें साठ कोटी टन हायड्रोजन असा पालटतो व त्यांतून जी शक्ति निघते तिच्यावर आपलें भात पिकतें आणि आंबा मोहोरतो. रात्रींच्या चांदण्या म्हणजे असलेच सूर्य. फक्त फार लांबचे. सूर्याचा किरण आपल्यापर्यंत सव्वाआठ मिनिटांत येतो. व्याधाचा किरण यावयास साडेआठ वर्षें लागतात. आणि आपल्या सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा जो तारा, त्याचा किरणसुद्धां चार वर्षांहून अधिक काळ वाटेंत असतो.

नक्षत्रें म्हणजे या ताऱ्यांचे पुंजके. मृग लागला कीं आपण पावसाची वाट पाहतों. परंतु मृगाचे तारे पाऊस पाडीत नाहींत. सूर्य त्या ताऱ्यांच्या बाजूस आला म्हणजे जूनचा पहिला आठवडा सरला, एवढीच ती खूण. ज्यांना छापलेलें कॅलेंडर नव्हतें त्या शेतकऱ्यांनीं आकाशाचें कॅलेंडर केलें, ही त्यांची हुषारी. पण मैलाचा दगड गाडी ओढीत नाहीं, हें विसरूं नये.

कोणी म्हणेल, सूर्यांत अमुक वायु आहे हें पाहिलें कोणीं ? याचें उत्तर आपल्या किनाऱ्याशीं बांधलेलें आहे. प्रकाश लोलकांतून नेला म्हणजे त्याचे रंग वेगळे होतात, आणि प्रत्येक वायूची त्या रंगपट्टींत ठराविक जागीं रेघ उमटते. जशी ज्याची त्याची सही. १८ ऑगस्ट १८६८ रोजीं हिंदुस्थानांत खग्रास सूर्यग्रहण झालें. तेव्हां जान्सेन नांवाच्या फ्रेंच विद्वानानें गुंटूर येथून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा प्रकाश तपासला. त्याच सालीं ऑक्टोबर महिन्यांत लॉकियर या इंग्रज विद्वानानें इंग्लंडांत बसून, ग्रहण नसतांना, तसलाच प्रकाश तपासला. त्या ज्वालांच्या प्रकाशांत एक पिवळी रेघ अशी निघाली कीं तिची सही पृथ्वीवरच्या कोणत्याहि माहीत पदार्थाशीं जुळेना. सूर्याच्या ग्रीक नांवावरून त्या अज्ञात पदार्थाला हेलियम म्हणूं लागले. पुढें १८९५ सालीं रॅम्झे यांना तोच वायु पृथ्वीवरच्या एका खनिजांत सांपडला. म्हणजे आधीं सूर्यावर ओळख पटली आणि सत्तावीस वर्षांनीं घरांत गांठ पडली !

हाच लॉकियर २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठीं आपल्या विजयदुर्गास आला. विजयदुर्ग तेव्हां रत्नागिरी जिल्ह्यांत होता. १९८१ पासून तो सिंधुदुर्गांत आहे. किल्ल्यावर साहेबाच्या नांवाचे ओटे आजहि दाखवितात. हेलियम तेथेंच १८६८ सालीं सांपडला असें पुष्कळ जण सांगतात, पण त्या सालीं लॉकियर विलायतेंत होता. विजयदुर्गाचा मान १८९८ चा आहे, आणि तोहि कांहीं लहान नाहीं. सुमारें दोन मिनिटें सूर्य पूर्ण झांकला गेला. तेवढ्या वेळांत दुर्बिणी रोंखून सूर्याचा जबाब घेतला गेला. बंधूंनो, ग्रहण एकच असतें, सावलीहि एकच असते. तिच्याखालीं कोणी दुर्बीण लावून बसतो आणि कोणी दार लावून बसतो. सूर्याकडे उघड्या डोळ्यांनीं पाहूं नये, त्यानें डोळे जातात, एवढी काळजी खरी. आणि ती ग्रहण नसेल त्या दिवशींहि घेतली पाहिजे. बाकी गरोदर बाईनें चिरूं नये, कापूं नये, पाणी पिऊं नये, या गोष्टींचा सूर्याशीं कांहीं संबंध नाहीं.

आतां ग्रह. ग्रह स्वतः पेटलेला नसतो. सूर्याचा उजेड त्याच्या अंगावर पडून परततो, म्हणून तो दिसतो. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरु, शनि, प्रजापति आणि वरुण असे आठ ग्रह आपल्या सूर्याभोंवतीं फिरतात. पूर्वीं प्लूटो नववा धरीत. २००६ सालीं जगांतल्या ज्योतिर्विदांनीं ग्रहाची व्याख्या ठरविली : त्यानें सूर्याभोंवतीं फिरावें, स्वतःच्या वजनानें गोल झालेलें असावें, आणि आपल्या वाटेंतला मलबा हटविलेला असावा. तिसऱ्या अटींत प्लूटो बसला नाहीं, म्हणून तो त्या यादींतून निघाला. मोठमोठ्या विद्वानांनीं आपलीच यादी सुधारली आणि त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवा. पुढें तिचें काम पडणार आहे.

ग्रह ओळखण्यास पंडित लागत नाहीं. तारे लुकलुकतात, ग्रह बहुधा स्थिर उजेडाचा दिसतो. शिवाय तारे आपसांतली जागा सोडीत नाहींत, आणि ग्रह मात्र त्यांच्यामधून हळूहळू सरकतो. पंधरा दिवस लक्ष ठेवलें कीं चोरपावलें कळतात. आपण जिला शुक्राची चांदणी म्हणतों ती चांदणी नव्हेच. तो ग्रह आहे. दुर्बिणींतून पाहिलें तर शुक्राला चंद्रासारख्या कलासुद्धां दिसतात, कारण त्याचा उजेड उसना. तसेंच “तारा तुटला” म्हणतों तेव्हां कोणताहि तारा तुटत नाहीं. खड्याएवढा किंवा त्याहून बारीक कण हवेंत शिरून जळतो, तेवढेंच.

मोठेपणावरून तारा ठरत नाहीं काय ? ठरतो, पण तो वजनाचा हिशेब आहे. गुरु हा पृथ्वीच्या अकरापट रुंद, तरी त्याचें वजन सूर्याच्या हजारांशाइतकेंच. पोटांत तसला विस्तव पेटून कायम राहण्यास त्याला सुमारें ऐशींपट वजन लागलें असतें. म्हणून एवढा मोठा गुरुहि उसन्या उजेडावरच चमकतो.

राहिला उपग्रह. आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरीनें ३ लाख ८४ हजार किलोमीटरांवर आहे. रुंदी ३,४७४ किलोमीटर. पृथ्वीभोंवतीं एक फेरा त्याला सव्वासत्तावीस दिवसांहून थोडा अधिक पडतो. पण तेवढ्यांत पृथ्वीहि सूर्याभोंवतीं पुढें गेलेली असते, म्हणून अमावास्येपासून अमावास्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस होतात. चंद्र आपल्यालाच आहे असें नाहीं. जानेवारी १६१० मध्यें गॅलिलिओनें दुर्बिणींतून गुरूकडे पाहिलें तर त्याच्याभोंवतीं चार चंद्र फिरतांना दिसले. बुध आणि शुक्र यांना एकहि नाहीं, मंगळाला दोन, आणि शनीच्या चंद्रांची संख्या २०२५ सालीं २७४ धरली गेली. गुरूचा गॅनिमीड नांवाचा चंद्र बुध ग्रहापेक्षांहि रुंद आहे. तरी बुध ग्रह, आणि गॅनिमीड उपग्रह; कारण एक सूर्याभोंवतीं फिरतो आणि दुसरा गुरूभोंवतीं. येथें अंगकाठी पाहत नाहींत, नातें पाहतात.

एवढें समजल्यावर आतां आपल्या नऊ जणांना एकेक करून पुढें बोलवूं. रवि : हा तारा, ग्रह नव्हे. चंद्र : हा उपग्रह, ग्रह नव्हे. मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि : हे पांच खरे ग्रह. राहु आणि केतु : यांना उजेड स्वतःचाहि नाहीं आणि उसनाहि नाहीं, कारण तेथें कोणी नाहींच. सूर्याची आकाशांतली वाट आणि चंद्राची वाट यांच्यांत सुमारें पांच अंशांचा तिरपेपणा आहे. त्या दोन वाटा जेथें एकमेकींना छेदतात ते दोन बिंदु म्हणजे राहु-केतु. दोन पाणंदी मिळतात त्या ठिकाणाला तिठा म्हणतात; तिठ्याला कोणी जेवावयास बोलावीत नाहीं. अमावास्या किंवा पौर्णिमा या तिठ्याच्या जवळ पडली कीं सावली बरोबर पडते व ग्रहण होतें.

म्हणजे नऊ जणांच्या पंगतींत पांच खरे, दोन परक्या घरचे, आणि दोन पानें रिकामीं. वसुली मात्र नऊ पानांची ! शिवाय जी पृथ्वी स्वतः ग्रह आहे तिला या पंगतींत पानच नाहीं. प्रजापति १७८१ सालीं आणि वरुण १८४६ सालीं सांपडला. त्याआधीं हजारों वर्षें ते फिरतच होते, पण त्यांची शांति केली नाहीं म्हणून कोणाचें बिघडलें असें ऐकिवांत नाहीं.

यांत मी जुन्या गणकांची निंदा करीत नाहीं. स्थिर ताऱ्यांमधून जो जो सरकतांना दिसतो तो ग्रह, असा त्यांचा शब्दार्थ होता, आणि उघड्या डोळ्यांनीं पाहणाऱ्याला तो योग्यच होता. इ. स. ४९९ मध्यें आर्यभटानें ग्रहण हें सावलीचें काम आहे असें लिहून ठेवलें. आपल्याच जिल्ह्यांत, दापोली तालुक्यांतील मुरूड गांवीं, १८५३ सालीं शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. शाळामास्तरकी करीत करीत त्यांनीं या देशांतल्या गणितज्योतिषाचा सारा इतिहास धुंडाळला व ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ सालीं मराठींत लोकांपुढें ठेवला. अशा माणसाची जात पाहूं नये, काम पाहावें. आमचें भांडण गणिताशीं नाहीं. गणित बाजूस ठेवून जो भीति विकतो त्याच्याशीं आहे.

यावर एक आक्षेप हमखास निघतो, आणि आपण समुद्रकांठचे लोक, तेव्हां आपल्याला तो खरा वाटण्याजोगा आहे. म्हणतात, “चंद्र एवढा समुद्र हलवितो, मग शनि माणसाला हलविणार नाहीं काय ?” प्रश्न चांगला आहे, त्याचें उत्तर हिशेबानें देऊं. अमावास्या-पौर्णिमेस सूर्य व चंद्र एका रेषेंत ओढतात म्हणून उधाण येतें. अष्टमीच्या सुमारास ते आडवेतिडवे ओढतात म्हणून भांग पडतो. भरती रोज सुमारें पन्नास मिनिटें मागें पडते, कारण चंद्र तेवढा पुढें सरकलेला असतो. हें सारें खरें आहे, आणि पोथी न उघडतां खलाशाला ठाऊक आहे. परंतु ही ओढ अंतर वाढलें कीं झपाट्यानें घटते. अंतर दुप्पट झालें तर भरती आणणारी ओढ आठवा हिस्सा उरते, तिप्पट झालें तर सत्ताविसावा. सूर्य एवढा प्रचंड, पण लांब, म्हणून त्याची भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनहि थोडी कमी. शुक्र अगदीं जवळ आला तरी त्याचा वांटा चंद्राच्या दहाहजारांशाएवढाहि नाहीं. आणि शनि ? त्याचा वांटा चंद्राच्या सुमारें चाळीस लाखांशाइतका. चंद्रामुळें पाणी पुरुषभर चढलें असें धरलें, तर शनीमुळें तें डोक्याच्या एका केसाच्या जाडीइतकेंहि चढत नाहीं. जो समुद्राला केसभर हलवूं शकत नाहीं तो तुमचें दुकान बसवितो, हें कोणत्या हिशेबांत बसतें ?

आतां साडेसातीचाच हिशेब मांडूं. शनीला सूर्याभोंवतीं एक फेरा करण्यास साडेएकोणतीस वर्षें लागतात. तो मंद चालतो, म्हणून त्याला शनैश्चर म्हणजे सावकाश चालणारा असें नांव पडलें. त्या नांवांत राग नाहीं, नुसती चाल आहे. बारा राशींना तीस वर्षें, म्हणजे एकीला अडीच. आपली रास, तिच्या मागची व पुढची मिळून तीन राशी झाल्या कीं साडेसात वर्षें. याचा अर्थ काय ? कोणत्याहि दिवशीं बारांतल्या तीन राशींच्या लोकांना, म्हणजे चारांत एकाला, साडेसाती चालूच असते. हिंदुस्थानची वस्ती १४० कोटी धरली तर पस्तीस कोटी माणसें आज तींत आहेत. साठ वर्षें जगणाऱ्याच्या वाट्याला ती पंधरा वर्षें येते. पंधरा वर्षांत ज्याच्या घरीं एकहि दुखणें, एकहि मरण, एकहि नुकसान झालें नाहीं असा गृहस्थ मला दाखवा. मग दर दुःखाला शनीचें नांव मिळालें यांत नवल तें काय !

मंगळाचें तसेंच. कुंडलींत घरें बारा. त्यांतल्या पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या अशा पांच घरांत मंगळ आला कीं दोष धरतात. बारांपैकीं पांच म्हणजे शंभरांत सुमारें बेचाळीस ! आपल्या गांवांतल्या जवळजवळ निम्म्या मुली वाईट नशिबाच्या, असें म्हणणारें शास्त्र शास्त्र नव्हे. तो मुलींच्या बापांवरचा कर आहे. प्रत्यक्षांत मंगळ म्हणजे काय ? पृथ्वीच्या निम्म्या रुंदीचा, थंड, कोरडा गोळा. सूर्याभोंवतीं ६८७ दिवसांत फिरणारा. तो तांबडा दिसतो त्याला क्रोधाचा रंग म्हणतात. पण तो रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. आपल्या पायाखालचा जांभा दगड ज्या कारणानें तांबडा, त्याच कारणानें मंगळ तांबडा. जांभ्याच्या घरांत जन्म काढणाऱ्या माणसानें मंगळाच्या रंगाला भ्यावें, याला काय म्हणावें !

ही लूट आजची नाहीं. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. त्यांत एक जोशी एका गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीति घालून तिच्या नवऱ्यासकट नाडतो, आणि शेवटीं तीं दोघें नवराबायको शिकण्याच्या वाटेला लागतात. त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षें होत आलीं. जोशाच्या जागीं आतां कोठें टी. व्ही. वरचा तर कोठें मोबाइलवरचा भविष्यवाला आला. माल तोच आहे. जुन्या पिढीला अक्षर वाचतां येत नव्हतें, म्हणून ती फसली. आपण वाचावयास शिकलों आणि वाचून फसूं लागलों, तर शाळा काढणाऱ्यांचे कष्ट कोठें गेले ?

आणि याच देशानें काय केलें आहे तें पाहा. आपल्या शास्त्रज्ञांचें मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजीं मंगळाच्या कक्षेंत पोंचलें. २४ सप्टेंबर हा सत्यशोधक समाजाच्या स्थापनेचाहि दिवस आहे, १८७३ सालचा. हा योगायोग आहे, ग्रहयोग नव्हे! २३ ऑगस्ट २०२३ रोजीं चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील भागांत अलगद उतरलें. २ सप्टेंबर २०२३ ला आदित्य-एल१ निघालें व ६ जानेवारी २०२४ रोजीं पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरांवर सूर्याच्या पाहणीस जाऊन बसलें. एक उपग्रह, एक ग्रह, एक तारा; तिघांकडेहि आपले दूत गेले. राहु-केतूंकडे मात्र कोणी यान पाठविलें नाहीं, कारण उतरावयाचें कोठें ?

बंधुभगिनींनो, मी आपणांस श्रद्धा सोडा असें सांगावयास आलों नाहीं. घरांतला देव घरांत असूं द्या. परंतु स्थळ चांगलें असून केवळ पत्रिकेच्या मंगळासाठीं मुलगी नाकारूं नका आणि नाकारूं देऊं नका. मुलगा काय करतो, व्यसन आहे का, प्रकृति कशी आहे, हें विचारा. ती खरी पत्रिका. दुखणें आलें तर पहिला पैसा दवाखान्याला द्या. शांतीसाठीं कर्ज तर कधींच काढूं नका. आणि उघाडीच्या रात्रीं पोरांना अंगणांत घेऊन एक तेजस्वी ठिपका दाखवा व विचारा : याचा उजेड स्वतःचा कीं उसना ? हा कोणाभोंवतीं फिरतो ? उत्तर चुकलें तरी हरकत नाहीं. पंधरा दिवसांनीं पुन्हां पाहा, आणि प्लूटोची यादी सुधारणाऱ्यांप्रमाणें आपलें उत्तर सुधारा. जें पोर आकाशाला प्रश्न विचारावयास शिकलें तें खालच्या कोणालाहि विचारावयास भिणार नाहीं.